तीन बाजू ओल्या, चौथी कोरडी: एका जुन्या गॅरेजच्या भिंतींची पायथ्यापासून दुरुस्ती

रत्नागिरी शहराबाहेर, उतारावरच्या एका वाडीत हे गॅरेज आहे. गॅरेजच्या मालकीण काकू, त्यांच्या सासऱ्यांनी १९७४ साली जीप ठेवायला बांधलेलं. आतून १८ फूट लांब, ११ फूट रुंद. नऊ इंची जांभ्याच्या भिंती, वर एकपाखी कौलारू छप्पर, पुढे दोन झडपांचं लाकडी दार. चिरे मातीत रचलेले आणि बाहेरून तेवढ्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, सिमेंटने भरलेल्या. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर डीपीसीचा थर घालतात, तो इथे नाही. पुढे कधीतरी आत दोन इंची कोबा केला, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला.

जीप कधीच गेली. आता तिथे खताची पोती, नारळ, आणि आंब्याच्या मोसमातून उरलेले पुठ्ठ्याचे खोके उलगडून, गठ्ठे बांधून ठेवतात. काकूंनी मला बोलावलं ते या खोक्यांपायी. पावसाळ्याभरात खालचे सगळे गठ्ठे वाया गेले होते. एक खोका त्यांनी मुद्दाम ठेवला होता. हातात घेतला तर पुठ्ठ्याचे थर सुटून आले, आत हिरवी बुरशी. "ओल वर चढत्ये हो. आधी गुडघ्याएवढी होती, आता कमरेएवढी झाली," काकू म्हणाल्या.

हे वाक्य मी वहीत तसंच लिहून घेतलं, कारण निदान अर्धं त्यातच होतं.

आधी दोनदा उपाय झाले होते. पाच वर्षांपूर्वी एकाने आतून खालचा जुना गिलावा काढून वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेला सिमेंटचा कडक गिलावा केला. दोन वर्षांनी दुसऱ्याने त्यावर ऑइलपेंटचे दोन हात मारले. दोन्ही वेळा एक पावसाळा बरा गेला, आणि मग रंगाच्या वरच्या कडेला नवीन काळी रेघ उमटली. आता तिसऱ्याने चारही भिंतींना खालून ओळीने भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरायचं अंदाजपत्रक दिलं होतं. काकूंचा मुलगा ठाण्याला असतो. त्याने ते मला पाठवलं आणि विचारलं, "एवढा खर्च करू का?"

भिंतीच्या पायथ्याला पाणी मिळालं की जांभ्यासारखा सच्छिद्र दगड ते वर ओढून घेतो. वर चढलेलं पाणी भिंतीच्या अंगातून उडून जात असतं. जितकं चढतं तितकं उडून जातं त्या उंचीवर ओलीची रेघ थांबते. ही उडून जायची वाट तुम्ही आतून कडक गिलाव्याने आणि ऑइलपेंटने बंद केली, की पाण्याला बाहेर पडायला रंगाच्या वरची उघडी जागा शोधावी लागते. ओल गुडघ्यावरून कमरेवर आली ती अशी. पाणी वाढलं नव्हतं, बाहेर पडायची जागा वर सरकली होती. त्या दोन्ही दुरुस्त्यांनी भिंतीत येणारं पाणी एका थेंबानेही कमी केलेलं नव्हतं.

मे महिन्यात जाऊन काय बघणार, असं लोक विचारतात. ओलीच्या कामात मी पहिली फेरी उन्हाळ्यातच मारतो. भिंत सुकलेली असते तेव्हा क्षार वर आलेले दिसतात, आणि क्षारांची रेघ म्हणजे पाणी कुठवर चढलं होतं त्याची नोंदच असते. इथे मागच्या भिंतीला ती रेघ जमिनीपासून ३४ इंचांवर होती. डाव्या भिंतीला १८ ते २० इंच, दाराच्या दोन्ही खांबांना ११ इंच. उजव्या भिंतीला फक्त ४.

उजव्या भिंतीपाशी मी बराच वेळ थांबलो. त्याच खाणीचे चिरे, तीच माती, तोच जुना गिलावा, डीपीसी इथेही नाही. आतून ऑइलपेंट इथेही मारलेला, आणि तो धडधाकट. मग ही भिंत कोरडी का? कारण तिच्या पलीकडे घराची पडवी आहे. तिच्या दोन्ही अंगांना छप्पर आहे, पायथ्याला पाणी लागतच नाही. खोल जमिनीतून जी ओल येते ती एवढीच, चार इंचांची. म्हणजे बाकीच्या तीन बाजूंना जे चढत होतं ते जमिनीच्या पोटातलं नसून पायथ्याशी वरून येऊन साठलेलं पाणी होतं. ते पायथ्यापासून दूर केलं तर त्या तीनही बाजू या भिंतीसारख्या वागायला हरकत नव्हती, आणि तसं असेल तर भोकं पाडून रसायन भरायची गरज नव्हती. मातीत रचलेल्या भिंतीत ते रसायन समान पसरेल याची मला तशीही खात्री वाटत नाही. चिऱ्यांमधली माती जागोजागी पोकळ झालेली असते. द्रव सोपी वाट बघून पोकळीत उतरतो, आणि जिथे सलग थर हवा तिथे खिंडारं राहतात.

पण हा माझा तर्क झाला. दुसऱ्याचे पैसे खर्च करायचे तर तपासून बघायला हवं होतं.

मे महिन्यातच मागच्या बाजूला भिंतीलगत जमिनीवर पाण्याची नळी सोडून ठेवली. भिंतीवर पाणी अजिबात उडू दिलं नाही. दोन तासांनी आतून चिऱ्यांच्या खालच्या तिसऱ्या थराच्या उंचीवर पहिला काळा ठिपका आला. संध्याकाळपर्यंत त्याचा हातभर पट्टा झाला. जुलैत पुन्हा गेलो. कोब्यावर एक-एक चौरस फुटाचे प्लास्टिकचे तीन तुकडे चारही कडांना टेप लावून चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी उघडले. मागच्या भिंतीपासून दीड फुटावरच्या तुकड्याखाली कोबा काळा पडला होता, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होते. मधला तुकडा आणि उजवीकडचा तुकडा कोरडा. तिसरी तपासणी ड्रिलची. भिंतीत ६, १८, ३० आणि ४२ इंचांवर तीन-तीन इंच खोल भोकं पाडायची आणि बाहेर येणारा भुसा बोटांत चोळून बघायचा. मागच्या भिंतीत ३० इंचांपर्यंत भुसा नाहीच, लाल चिखलाची वळी बाहेर आली. उजव्या भिंतीत ६ इंचांवरसुद्धा कोरडी पूड.

तीन बाजूंची तीन कारणं

मागची भिंत उताराला टेकलेली. पन्नास वर्षांत वरची माती आणि पालापाचोळा घसरून भिंतीला लागला होता. टेप धरला तर बाहेरची जमीन आतल्या कोब्यापेक्षा १४ इंच उंच निघाली. बाहेरची जमीन जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली असावी असा साधा नियम, इथे गणित उलटं झालेलं. आषाढात ही जमीन उपळते, म्हणजे मुरलेलं पाणी तिच्यातून बाहेर फुटतं, आणि वरच्या आंब्याच्या कलमांतून जिरलेलं पाणी थेट चिऱ्यांवर येऊन थांबतं.

डावी भिंत पश्चिमेची. पावसाचा मारा तिच्यावर आहेच, पण खरं कारण खाली होतं. छप्पर एकपाखी, त्यामुळे सगळ्या कौलांचं पाणी याच बाजूला. छपराचं क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि रत्नागिरीत जुलैमध्ये ते नवल नाही, तर अडीच हजार लिटर पाणी वीस फुटांच्या एका ओळीत पडतं. पन्हाळ नव्हती. त्यात कोणीतरी हौसेने भिंतीलगत दीड फूट रुंदीचा गुळगुळीत कोबा केला होता, आणि काळाच्या ओघात खचून त्याचा उतार भिंतीकडे झाला होता. पागोळ्या त्या कोब्यावर आपटायच्या आणि भिंतीवर उडायच्या. भिंतीवर लाल शिंतोड्यांचा पट्टा होता, खाली दाट, वर विरळ होत गेलेला, पंख्यासारखा. त्याची उंची मोजली, १६ इंच. आतल्या क्षारांच्या रेघेशी ती जवळजवळ जुळत होती. त्या पट्ट्यातल्या सिमेंटच्या दर्जा धुऊन गेल्या होत्या, नखाने टोकरलं तरी आतली माती हाताला यायची.

पुढची बाजू रस्त्याची. डांबराचे थर चढत चढत रस्ता आता उंबऱ्यापेक्षा पाच इंच वर आलाय. कोकणात काय आणि पुण्या-मुंबईत काय, जुन्या घरांच्या किती ओली या एका कारणाने सुरू झाल्या असतील! पाणी उतारावरून दाराखाली येतं, खांबांच्या पायथ्याशी थांबतं.

काय करायचं, काय नाही

माझा पहिला आराखडा मागच्या बाजूला चर खणून, भोकांचा पाइप कापडात गुंडाळून, वर खडी भरायचा होता. पुस्तकात तसंच असतं. आमच्या मिस्त्रींनी तो बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "नळी बुजली तर कळणार कधी?" उत्तर मला ठाऊक होतं: भिंत पुन्हा ओली झाली की. आंब्याची पानं, लाल माती आणि मुळं यांच्यात गाडलेला पाइप किती वर्षं टिकेल याची हमी मी देऊ शकत नव्हतो. शेवटी आम्ही उघडं गटार करायचं ठरवलं, काकूंच्या गड्याला खराट्याने झाडता येईल असं.

आतला कोबा तोडायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. मधला प्लास्टिकचा तुकडा कोरडा निघाला होता, त्या पुराव्यावर. कोबा फोडून, खाली प्लास्टिकचा कागद घालून नवीन काँक्रीट करणं हे चांगलं काम आहे, पण इथे आधी बाहेरचं पाणी थांबवून एक पावसाळा बघणं मला जास्त प्रामाणिक वाटलं.

काम

ऑक्टोबरअखेर पाऊस थांबला तसा सगळ्यात आधी आतला गिलावा काढला. तीन ओल्या बाजूंना चार फुटांपर्यंत, रेघेच्या वर फूटभर. टाकी-हातोड्याने, कटर न लावता, कारण मातीच्या भिंतीला हादरा सोसत नाही. गिलाव्याची मागची बाजू ओली गच्च होती आणि चिऱ्यांना कुजल्या मातीचा वास. मग चार महिने भिंत तशीच उघडी ठेवली, दार उघडं ठेवून. मालकांना हे चार महिने फार जड जातात. काम थांबलंय असं वाटतं. खरं तर या कामातला सगळ्यात मोठा भाग हाच असतो.

सुकताना भिंतीवर क्षार फुटले. दुरून पांढरी बुरशी वाटेल, जवळून बारीक केसांसारखे उभे स्फटिक, बोट लावलं की मोडणारे. मिस्त्रींनी जिभेला लावून बघितलं, खारट-कडू. पाण्याने धुवायचं नाही, धुतलं की विरघळून परत आत जातात. खाली प्लास्टिक अंथरून कोरड्या ब्रशने झाडायचे, गोळा करून लांब टाकायचे. फेब्रुवारीपर्यंत चार वेळा झाडले. प्रत्येक वेळी कमी निघाले. सगळ्यात जास्त क्षार मागच्या भिंतीवर एका ठरावीक जागी होते, आणि तिथे वर्षानुवर्षं खताची पोती टेकवून ठेवलेली असायची. खतातले क्षार हवेतली ओलसुद्धा शोषतात. पुढे त्याचा प्रत्यय आला.

बाहेर मागच्या बाजूची माती भिंतीपासून अडीच फुटांपर्यंत काढली. एकदम नाही, चार-चार फुटांच्या टप्प्यांनी, एक टप्पा झाला की दुसरा. आधी कोपऱ्यात एक खड्डा घेऊन पायाचा तळ शोधला होता, तो कोब्याच्या पातळीपासून जेमतेम १८ इंच खाली होता. एवढ्या उथळ पायाच्या भिंतीची एक बाजू सलग उघडी पाडली तर भिंत सरकू शकते. खोदाई कुठेही पायाच्या तळाच्या खाली जाऊ दिली नाही. वरची माती घसरू नये म्हणून गडगा, म्हणजे दगडांचा बांध, रचला, कोरडा, दर्जा न भरता, मागचं पाणी फटींतून आरामात बाहेर यावं म्हणून.

आता मागची जमीन कोब्यापेक्षा सहा इंच खाली आली. गडग्याच्या पायथ्याशी फूटभर रुंदीचं गटार केलं, मागून डावीकडे वळून खालच्या बागेच्या पाटात सोडलं. तेहेतीस फुटांत चार इंच उतार, लेव्हल पाइपने तीन वेळा तपासून. कारण वळणावर अर्धा इंच जरी चढ राहिला तरी पाणी तिथे तुंबतं.

उघड्या पडलेल्या भिंतीच्या दर्जा इंचभर खोल कोरून काढल्या, तारेच्या ब्रशने घासल्या, पाणी शिंपडून सिमेंट-चुना-वाळूने दाबून भरल्या. जमिनीखालचा भाग आणि वर फूटभर एवढ्यालाच एकास चार (सिमेंटला वाळू) गिलावा केला, त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रावण ५० किलोच्या गोणीला २०० मिली. जास्त ओतलं म्हणून जास्त पाणी अडत नाही, डब्यावरचं प्रमाण पाळायचं. सात दिवस पाणी मारल्यावर द्रव आणि पावडर मिसळून करतात तो पॉलिमरचा लेप दोन हात दिला, पहिला आडवा, चार-पाच तासांनी दुसरा उभा. भिंत आणि तिच्या पायथ्याशी केलेला नवीन पट्टा जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तीन इंची वाटा, म्हणजे गोलसर भराव, काढला, कारण काटकोनातला सांधा सगळ्यात आधी तडकतो. मागच्या भिंतीलगतचा पट्टा दीड फुटांचा, उतार गटाराकडे.

लेप बाहेरून दिला, आतून नाही, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूने अडवायचं आणि दुसरी बाजू भिंतीला श्वास घ्यायला मोकळी सोडायची.

डावीकडे जुना कोबा पूर्ण उखडला. कौलांना सहा इंची पन्हाळ लावली, तिचा पाइप गटारात. आणि तरीही पागोळीच्या ओळीत दोन फूट रुंद चर घेऊन चाळीस मिलिमीटरची खडी भरली. आंब्याच्या पानांनी पन्हाळ कधीतरी बुजणारच, तेव्हा पाणी खडीवर पडून विरलं पाहिजे, उडता कामा नये. दर्जा इथेही कोरून भरल्या, पण लेप फक्त जमिनीच्या वर नऊ इंचांपर्यंत.

दारापुढे नऊ इंच रुंद आडवं गटार, वर लोखंडी पट्ट्यांची उचलता येणारी जाळी, आणि उंबऱ्याला दीड इंचाचा गोलसर उंचवटा. एवढ्यानं पुढची बाजू संपली.

मार्चमध्ये आतून गिलावा केला, एक भाग सिमेंट, दोन चुना, नऊ वाळू. चुन्याचं प्रमाण मिस्त्रींच्या हाताला अजून बरोबर बसतं, त्यांनी चुना आठवडाभर आधी भिजत घातला होता. गिलावा कोब्याला टेकू दिला नाही, खाली इंचभर फट सोडली. वर चुन्याची सफेदी. काकूंना ऑइलपेंटची चकाकी हवी होती. मी हात जोडले.

पहिला पावसाळा

जुलैत फोन आला, "मागे एक डाग आलाय आणि डाव्या कोपऱ्यात खाली पाणीच आहे."

दोन्ही जागी ड्रिल लावलं. मागच्या भिंतीवरचा डाग पोत्यांच्या जुन्या जागी होता. भोकातून कोरडी पूड आली. म्हणजे भिंत आतून सुकी होती आणि राहिलेले क्षार पावसाळी हवेतली ओल पकडत होते. श्रावणात ऊन पडलं की डाग फिका व्हायचा. त्यावर उपाय वेळ आणि ब्रश. पोती आता फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवतात.

कोपऱ्याचं प्रकरण वेगळं होतं आणि ती चूक माझी. माती काढताना भिंतीच्या पायाशी घुशीचं बीळ लागलं होतं. माणसांनी ते मातीने बुजवलं, मी बघितलं आणि पुढे गेलो. घूस महिनाभरात परत आली, गटाराच्या कडेखालून बीळ पुन्हा उघडलं, आणि पाणी त्या बोगद्यातून थेट कोब्याखाली. पावसातच गटार वळणापाशी तीन फूट फोडलं, बिळात हात जाईल तिथवर काँक्रीट ठासलं, त्यात काचांचे तुकडे मिसळून, आणि गटाराची कड चार इंच जाड करून बांधली. या दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत.

परवा दुसऱ्या पावसाळ्याच्या मध्यावर जाऊन आलो. कोब्यावर पुन्हा तीन प्लास्टिकचे तुकडे लावले, तिन्ही कोरडे निघाले. गटारात पानं साचली होती, गड्याने माझ्यासमोर झाडून काढली. उजव्या भिंतीची रेघ होती तिथेच, चार इंचांवर. मागच्या भिंतीची आता पाच इंचांवर आहे. काकूंनी खोक्यांचे गठ्ठे अजून जमिनीवर ठेवलेले नाहीत. पुढच्या वर्षी ठेवीन म्हणाल्या.